एन९५, आयफोन आणि धाडचा भाचा

२०२५ ची दिवाळी. धाडला ताईकडे गेलो होतो. धाड कुठे असं विचाराल म्हणून सांगतो: बुलढाणा जिल्हा, विदर्भाची पश्चिमेकडची कड. गाव ओलांडून पुढे निघालात की भोकरदन तालुका, म्हणजे मराठवाडा लागला. तर फराळाचं ताट पुढ्यात आलं, पहिली चकली मोडली आणि भाच्याने बाँब टाकला.

"मामा, पिक्सेल टेन घेऊ का?"

भाचा लग्नाचे फोटो, व्हिडिओ, रील वगैरे करतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा सीझन सुरू. फोन ७९,९९९ रुपयांचा, म्हणजे हप्त्यावर. घरात यावरून आधीच दोन वेळा वाजलं होतं हे ताईच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "दुकानवाला म्हन्ते चिपसेट ढिल्ला हाय, पैसे पान्यात जातीन. यूट्यूबवाला म्हन्ते हार्डवेअर भारी हाय, लोकायले समजलं नाही. आता तुमी सांगा."

'तुमी सांगा' म्हटल्यावर कुठल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला राहवेल? मी सुरू झालो. दहाव्या मिनिटाला भाचा फटाके आणायला जातो म्हणून जो सटकला तो रात्रीच उगवला. तेव्हा उरलेलं आता तुमच्या गळ्यात मारतो. :-)

आधी आजचं प्रकरण थोडक्यात. पिक्सेल १० हा गूगलचा फोन ऑगस्ट २०२५ मध्ये आला. आतली चिप टेन्सर जी५. गूगलच्या आधीच्या टेन्सर चिपा सॅमसंग बनवायची, ही पहिली जी तैवानच्या टीएसएमसीने बनवली, तीही तीन नॅनोमीटरच्या तंत्राने. बेंचमार्कमध्ये ती स्नॅपड्रॅगन आणि ॲपलच्या मागे पडते, हे दुकानदाराचं म्हणणं खरंच आहे. पण सगळ्यात जास्त बोंब झाली ती ग्राफिक्सवरून. गूगलने आधीचा माली जीपीयू काढून इमॅजिनेशन या ब्रिटिश कंपनीचा पॉवरव्हीआर बसवला. आणि फोन बाजारात आला तेव्हा त्या जीपीयूचा ड्रायव्हर जुना होता, गेम अडखळतात, अशा तक्रारी झाल्या. गूगलने सांगितलं, पुढच्या अपडेटांमधून ड्रायव्हर सुधारत राहू. म्हणजे भांडं आहे, पण त्याला अजून कल्हई व्हायची आहे. मग भांड्याला किती मार्क द्यायचे?

'पॉवरव्हीआर' हे नाव वाचलं आणि मी थेट २००७ मध्ये पोचलो.

*

२००७ साली आम्ही चौघे कोथरूडला एका फ्लॅटमध्ये राहायचो. एका रूममेटने पगार साठवून साठवून नोकिया एन९५ घेतला. आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा एन९५ खिशातून काढला की कॅन्टीनमधलं टेबल गप्प व्हायचं. नोकियाने तो सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर केला आणि मार्च २००७ पासून विकायला काढला. पाच मेगापिक्सेलचा कार्ल झाइस लेन्सचा कॅमेरा, ऑटोफोकस, सेकंदाला ३० फ्रेमचं व्हीजीए व्हिडिओ शूटिंग, जीपीएस, वायफाय, साडेतीन जी, टीव्हीला जोडायची वायर, साधा हेडफोन लागेल असा जॅक. वर सरकवला की नंबरांची बटणं, खाली सरकवला की गाण्यांची. त्या सरकण्याचा आवाज ऐकण्यासाठी आम्ही तो मागून घ्यायचो.

त्याच वर्षी ९ जानेवारीला स्टीव्ह जॉब्जने आयफोन दाखवला आणि २९ जूनला तो अमेरिकेत विक्रीला आला. भारतात अधिकृतपणे कुठला? ऑनसाइटहून परतलेला एखादा मॅनेजर अनलॉक करून आणायचा आणि आम्ही भोवती गोळा व्हायचो. यादी मांडून बसलो तर आयफोन अगदीच केविलवाणा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, फोकस होत नाही. व्हिडिओ शूटिंग नाही. जीपीएस नाही. थ्री जी नाही. एमएमएस नाही, कॉपी-पेस्ट नाही, बाहेरची ॲप्लिकेशन टाकायची सोय नाही. रूममेट एकेक ओळ वाचून दाखवायचा आणि आम्ही खिदळायचो. किंमत ४९९ डॉलर, तीही मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या कराराला बांधलेली.

तरीपण त्या मॅनेजरच्या फोनवर बोटाने यादी सरकवली की ती पाण्यासारखी वाहायची, आणि एन९५ वर मेनू उघडायला आपण एक श्वास घ्यायचो. आम्ही त्याचं स्पष्टीकरण ठरवून टाकलं होतं: ॲपलने आत काहीतरी जबरदस्त चिप टाकली असणार.

आता दोन्ही फोन उघडून बघू. (हे तेव्हा आम्ही केलं नाही, हिंमत नव्हती. लोकांनी केलेलं वाचलं, तेही फार उशिरा.)

एन९५ मध्ये होती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप २४२० चिप, त्यात एआरएम ११ जातीचा प्रोसेसर, वेग सुमारे ३३० मेगाहर्ट्झ. आयफोनमध्ये सॅमसंगने बनवलेली चिप, तिच्यातही एआरएम ११ जातीचाच प्रोसेसर. तो ६२० मेगाहर्ट्झचा, पण बॅटरी वाचावी म्हणून मुद्दाम ४१२ वर चालवलेला. म्हणजे दोघांत उन्नीस-बीसचा फरक. आणि ग्राफिक्स? एन९५ मध्ये पॉवरव्हीआर एमबीएक्स. आयफोनमध्ये पॉवरव्हीआर एमबीएक्स लाइट. एकाच घरातली दोन भावंडं, आणि 'लाइट' लिहिलेलं धाकटं ॲपलकडे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ज्या पाण्यासारख्या वाहण्यावर आम्ही चकित होत होतो ते करायचं यंत्र रूममेटच्या खिशात होतं. फक्त ते झोपलेलं होतं.

यातली गंमत अशी. पडद्यावरची यादी बोटाने वर सरकवायची तर दोन रस्ते. एक, प्रत्येक वेळी प्रोसेसरने सगळी अक्षरं, सगळे चौकोन नव्याने काढायचे. दुसरा, यादीचं चित्र एकदा काढून जीपीयूच्या हवाली करायचं आणि मग त्याला नुसतं 'वर सरकव, थोडं फिकं कर' सांगत राहायचं. चित्रं सरकवणं, ताणणं, एकावर एक ठेवणं हाच जीपीयूचा धंदा, तो हे झोपेत करतो. ॲपलने आयफोनचा अख्खा इंटरफेस पहिल्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्याने बांधला. नोकियाचं एस६० पहिल्या रस्त्याने चालायचं. तिथे जीपीयू काही थ्रीडी गेमसाठी उठायचा, बाकी वेळ पाट टाकून निवांत. सिंबियनचा इंटरफेस जीपीयूवर गेला तो २०१० मध्ये, एन८ बरोबर. तोवर वरात निघून गेली होती.

इथवर वाचून 'बिच्चारा एन९५, लोकांनी त्याला ओळखलं नाही' असं वाटेल. पण हे खरं नाही. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, मासिकांनी भरभरून मार्क दिले होते, लाखांनी तो खपला होता. त्याचं हार्डवेअर कमी लेखलं ते त्याच्या जन्मदात्याने.

पुरावा हवा? २००८ मध्ये एन९६ आला, एन९५ चा वारस म्हणून, किंमतही फ्लॅगशिपची. त्यात नोकियाने एआरएम ११ काढून २६४ मेगाहर्ट्झचे दोन एआरएम ९ टाकले, आणि थ्रीडी जीपीयू काढूनच टाकला! २००९ मध्ये एन९७, टचस्क्रीन, आयफोनला उत्तर म्हणून वाजतगाजत आणलेला. त्यातही जीपीयू नाही. कंपनीच्या बाजूने विचार करा: आपलं सॉफ्टवेअर ज्या भागाला हातच लावत नाही, त्याचे पैसे का मोजा? हिशेबाला अगदी बरोबर. तिकडे ॲपल त्याच वर्षी आयफोन ३जीएस मध्ये पुढच्या पिढीचा पॉवरव्हीआर बसवत होती. एन९६ च्या मीटिंगमध्ये हा जीपीयू उडवायचा निर्णय झाला तेव्हा कोणीतरी हात वर केला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने अशा मीटिंगमध्ये हात खाली ठेवलेला आहे.

*

पण सगळं खापर सॉफ्टवेअरवर फोडून मी माझ्याच जातभाईंवर अन्याय करतोय. एन९५ मध्ये एक खरीखुरी हार्डवेअरची काटकसर होती आणि ती कुठल्याच यादीत नव्हती: रॅम. ६४ मेगाबाइट. फोन चालू झाला की त्यातली वीसेक मोकळी उरायची. ब्राउझर उघडा, मग कॅमेरा उघडा, ब्राउझर गुपचूप बंद झालेला असायचा. आयफोनमध्ये १२८ होती. ॲपल रॅमचा आकडा जाहिरातीत छापत नाही, नोकियाच्या खोक्यावरही तो ठळक नव्हता. मेगापिक्सेल मोजत बसलेल्या आम्हा चौघा इंजिनिअरांपैकी एकालाही रॅम किती असा प्रश्न पडला नाही, आणि आम्ही दिवसभर दुसऱ्यांचे मेमरी लीक शोधत असायचो.

२००७ च्या अखेरीस नोकियाने एन९५ साठी नवं फर्मवेअर काढलं. त्यात 'डिमांड पेजिंग' आलं. आधी काय व्हायचं, की प्रोग्राम सुरू करायचा तर त्याचा सगळा कोड रॅममध्ये आणून ठेवायचा. म्हणजे चार पाहुणे येणार म्हणून माळ्यावरची सगळी भांडी काढून ओट्यावर मांडायची आणि मग पोळ्या लाटायला जागा नाही म्हणून ओरडायचं. डिमांड पेजिंग म्हणजे जे भांडं लागेल ते लागेल तेव्हा काढायचं. डेस्कटॉपवर हे तंत्र कितीतरी वर्षं जुनं. मोकळी रॅम विसावरून तीसच्या आसपास गेली, फोन लवकर सुरू व्हायला लागला, ब्राउझर मरायचा थांबला. एक स्क्रू न हलवता.

ते फर्मवेअर रूममेटच्या फोनवर मीच टाकलं. विंडोजवाला कॉम्प्युटर पाहिजे, नोकियाचा अपडेटर पाहिजे, आणि भलीमोठी फाइल. आमच्याकडे बीएसएनएलचं डेटावन होतं, रात्री २ ते ८ वापर मोजत नसत, म्हणून अलार्म लावून पहाटे दोनला उठलो. अपडेटने फोन पुसून कोरा व्हायचा, त्यामुळे आधी बॅकअप. मध्येच वीज गेली तर फोनची वीट. रूममेट शेजारी बसून देवाचं नाव घेत होता. सकाळी फोन चालू झाला आणि त्याने मला अमृततुल्यचा चहा पाजला.

आता सांगा, हाच फोन तेव्हा धाडमध्ये असता तर? कुठलं ब्रॉडबँड, कुठला अपडेटर. त्याचा एन९५ मरेपर्यंत वीस मेगाबाइटचाच राहिला असता. फोन तोच, पावती तीच, पण पुण्यातला एन९५ आणि धाडमधला एन९५ ही दोन वेगळी यंत्रं. खोक्यावर हे कुठे छापणार?

ॲक्सिलरोमीटरची गोष्टही अशीच. एन९५ मध्ये तो होता आणि सुरुवातीला त्याचं काम काय, तर फोटो आडवा काढला की उभा हे लक्षात ठेवणं. २००७ च्या मध्यावर नोकियाने तो प्रोग्रामरांना खुला केला आणि हौशी पोरांनी काही दिवसांत फोन वळवला की पडदा वळेल, तलवारीसारखा फिरवला की आवाज येईल असलं काय काय लिहून टाकलं. तोवर दुनिया समजत होती की पडदा वळतो तो आयफोनमध्ये.

आणि मराठीचं म्हणाल तर तो आपला जुना दुखरा दात. तेव्हाच्या कितीतरी महागड्या फोनांवर मराठी पान उघडलं की चौकोन चौकोन दिसायचे. पडदा चांगला, प्रोसेसर चांगला, पण 'क' आणि 'ष' भेटले की 'क्ष' काढायचा हे सांगणारा कोड आत नाही. २००९-१० च्या सुमारास कोणीतरी ऑपेरा मिनीची युक्ती सांगितली. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कॉन्फिग' लिहायचं, खाली जाऊन किचकट लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचा. मग त्यांचा परदेशातला सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र काढून आपल्याला पाठवायचा. कंपनीच्या बसमध्ये मी असे कित्येक मराठी लेख चित्रं म्हणून वाचलेत. काना-मात्रा काढायला फोन कधीच कमी पडत नव्हता, दोन हजारांच्या आतल्या नोकियांच्या बटणांवर तेव्हाही देवनागरी अक्षरं छापलेली होती. महागड्या फोनवर मराठी कोणी मागेल हेच कोणाला वाटलं नव्हतं. असो. या विषयावर मी थांबत नाही, म्हणून थांबतो.

*

२२ ऑगस्ट २००८ ला आयफोन ३जी भारतात आला. ८ जीबी ३१,००० रुपये. नावातच थ्री जी, आणि देशात थ्री जी नाही! एमटीएनएलने दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये सुरू केलं, खाजगी कंपन्यांचा लिलाव व्हायला २०१० उजाडलं. म्हणजे इथे नेमकं उलटं. एन९५ मध्ये सॉफ्टवेअरने हार्डवेअर झोपवलं, आयफोन ३जी मध्ये सरकारी फायलींनी. आणि एन९५ मध्येही ते साडेतीन जी वर्षानुवर्षं तसंच पडून होतं.

म्हणून आता भाच्याच्या प्रश्नाकडे येताना मला ती बेंचमार्कची कोष्टकं बघवत नाहीत. पिक्सेल १० चं हार्डवेअर कमी लेखलं जातंय का? जीपीयूपुरतं म्हणाल तर बहुतेक हो, कारण ड्रायव्हर सुधारला की तेच सिलिकॉन जास्त काम करेल. गूगलने सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. आता अपडेटसाठी पहाटे दोनला उठावं लागत नाही, ते धाडलाही पुण्याइतकंच पोचतं. हा २००७ पासूनचा सगळ्यात मोठा बदल, आणि तो फोनमध्ये झालेलाच नाही. पण त्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आधीच्या पिक्सेल ९ पेक्षा लहान आहे, ५एक्स टेलिफोटो देताना तिथे कात्री लावलीय. लहान सेन्सरवर कमी उजेड पडतो. कुठलंही अपडेट तो मोठा करणार नाही. एन९५ ची रॅम आठवा.

भाचा रात्री आला तेव्हा मी त्याला उलटे प्रश्न विचारले. गेम खेळतोस? "टाइम कुठी हाय मामा." मग ग्राफिक्सचं रडगाणं तुझ्या कामाचं नाही. टेलिफोटो लागतो? लागतो, मंगलाष्टकांच्या वेळी भटजी जवळ येऊ देत नाहीत. अंधारात शूटिंग? वरात तर रात्रीच असते. आणि तुझा सीझन कधी संपतो?

"मे मंदी. मे मंदीच खरं काम रायते."

इथे मी गप्प झालो. ॲपल आपल्या आयफोनबद्दल स्वतः लिहिते की तो शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेत वापरावा, आणि बाकीच्या फोनांचं गणितही याच्या आसपास असतं. मे महिन्यात धाडला दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्ताला मांडवात चाळीसच्या वर पारा असतो. अशा हवेत कुठलाही फोन स्वतःला वाचवायला चिपचा वेग खाली आणतो, पडदा मंद करतो, फारच तापला तर कॅमेराच बंद करतो. एसीत बसून काढलेला बेंचमार्कचा सर्वांत मोठा आकडा तिथे कोणाच्याच कामाचा नाही. उलट जी चिप मुळात कमी जोर लावते ती तासभर टिकेल का? टिकेलही. नाहीही. हे सांगणारं कोष्टक मला सापडलं नाही, आणि यूट्यूबवाले पोरगे धाडच्या मांडवात येत नाहीत.

"घ्यायच्या आधी कोणाचा तरी एक दिवस माग," मी म्हटलं. "दुपारी गच्चीवर ठेव आणि एक तास व्हिडिओ चालू ठेव. त्यात टिकला तर घे."

"आन बंद पडला तं?"

"तर दुकानदार बरोबर होता. फक्त त्याने कारण चुकीचं सांगितलं."

ताई तेवढ्यात आतून कपाटाचा एक खण घेऊन आली. त्यात तो एन९५ निघाला. रूममेटने २००९ मध्ये तो मला स्वस्तात दिला होता आणि मी भाऊजींना. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा, त्यावर साप खेळायचा. बॅटरी फुगून पाठीचं झाकण वर आलं होतं, ती लगेच काढून बाजूला ठेवली. फोन अर्थातच मेलेला. भाच्याने तो हातात घेतला, वर सरकवला, खाली सरकवला. खट्, खट्.

"मामा, याच्यात खरंच आयफोनवाला जीपीयू व्हता?"

"त्याचा थोरला भाऊ."

"आन कोनी सांगतलं नाही?"

त्याने आपला जुना तडकलेल्या काचेचा फोन काढला, पणतीच्या उजेडात एन९५ धरला आणि त्या खट्-खट् आवाजाची वीस सेकंदांची रील तिथेच बनवली. माझ्या आजवरच्या सगळ्या लेखांना मिळून जेवढे वाचक मिळाले नसतील तेवढे बघे तिला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिळाले होते. पिक्सेलचं अजून ठरलेलं नाही.